शेठ हरत गेले

१ फेब्रुवारी १९७०, रविवार

आम्हाला बोटीने पणजीला जायचं आहे. वरच्या वर्गाने, केबिनसकट. दुपारी जेवताना ह्यांनी हे सांगितलं ते रेशनवर साखर आली म्हणून सांगावं तसं. सासूबाईंचा घास हातातच राहिला.

रतनशेठ आणि त्यांची बायको दरवर्षी थंडी सरताना बोटीने फिरून येतात. बरोबर त्यांचे वकील असतात. यंदा शेठ ह्यांना म्हणाले, दशरथ, तू पण चल, बायकोलाही घे. महिनाभर तुझ्या डोक्याला फार ताप झालाय, जरा समुद्राची हवा खा.

ताप झाला हे खरं. हे साकीनाक्याला शेठच्या कारखान्यात सुपरवायझर आहेत. तिथे प्रेस मशीनवर पत्र्याची झाकणं दाबून काढतात. संक्रांतीच्या आधी अनंताचा उजवा हात प्रेसखाली गेला. इस्पितळात तो मनगटापासून कापावा लागला. अनंता वर्सोव्याचा कोळी. घरची होडी थोरल्या भावाकडे गेली म्हणून तो कारखान्यात आला होता. ह्यांनीच त्याला टॅक्सीत घालून नेलं. तेव्हापासून ह्यांना जेवण जात नाही. रात्री कूस बदलत राहतात आणि आमच्या गुंदवलीच्या त्या एका खोलीत कूस बदलली की सगळ्यांना कळतं. सासू, सासरे, दीर, जाऊ, आमची प्रेमा, सगळी हाताच्या अंतरावर.

सगळे म्हणतात नशीब काढलंस नलिनी. मला मात्र भीती वाटते. बोटीची वाटतेच, लहानपणी आमच्या गावात बोट बुडाल्याच्या हकिकती ऐकून ऐकून कान भरलेत. पण ही भीती जरा निराळी आहे. ज्या माणसाने नऊ वर्षांत एकदा चहाला बोलावलं नाही तो केबिनचं तिकीट का काढतो? हे विचारलं तर हे म्हणाले, “तुला यायचं नसेल तर तसं सांग.” असं ते कधी बोलत नाहीत.

३ फेब्रुवारी, मंगळवार

अंधेरीच्या बाजारात मथुरा दिसली. अनंताची बायको. सासूच्या पाटीवर आता ती बसते, कारण सासू अनंताजवळ असते. मी दुसऱ्या रांगेतून निसटणार होते, पण तिने हाक मारली. टोपलीत बोंबील घातले आणि पैसे घेईना.

पुढच्या गुरुवारी भरपाईच्या कचेरीत सुनावणी आहे म्हणाली. शेठचं म्हणणं असं की मशीनची जाळी अनंताने आपल्या हाताने काढून ठेवली होती. चूक त्याची, म्हणून देणं लागत नाही. जाळी म्हणजे प्रेसच्या तोंडाशी लोखंडी पिंजरा असतो, तो असला की हात आत जाऊच शकत नाही. मथुरा म्हणाली, “दशरथभाव हाय ना तिथं. त्याला सगला ठाव हाय. मंग मना भ्याव नाय.”

मी मान डोलावली. शनिवारी आम्ही शेठबरोबर बोटीवर चाललो आहोत हे मात्र माझ्या तोंडून बाहेर पडलं नाही. का ते कळत नाही. आम्ही काही चोरी तर करत नाही.

७ फेब्रुवारी, शनिवार. बोटीवर

अक्षर वेडंवाकडं येतंय ते बोटीमुळे.

भाऊच्या धक्क्यावर खालच्या डेकसाठी ही झुंबड. ट्रंका, वळकट्या, कोंबड्यांच्या टोपल्या. आमची माणसं. मी आजवर गावी गेले ती त्यांच्यातच चटई टाकून. आज आम्ही त्यांच्या बाजूने वरच्या जिन्याने गेलो आणि मी पदर ओढून घेतला, कोणी ओळखीचं बघेल म्हणून.

रतनशेठ बोलायला गोड. ह्यांच्या खांद्यावर हात ठेवूनच बोलतात. वकीलसाहेब बारीक अंगाचे, गळ्यात कॅमेरा, हसतात पण आवाज येत नाही. शेठची बायको पद्मजाबाई माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठी. रेशमी पातळ, हातभर बांगड्या, पण वाक्य अर्ध्यात सोडायची सवय. कोणीतरी तोडणार हे धरूनच चालल्यासारखी बोलते.

जेवण झाल्यावर कनातीखाली टेबल लावलं आणि पत्ते निघाले. पोकर नावाचा खेळ. पद्मजाबाईंनी मला समजावला. आपल्या तीन पानीचाच थोरला भाऊ. प्रत्येकाला पाच पानं, नको ती बदलून घ्यायची, मग आपल्याकडे भारी पानं आहेत असं वाटलं तर पैज वाढवायची. समोरचा घाबरला तर पानं पालथी टाकतो आणि मधला ढीग आपला. त्याची पानं काय होती ते बघायचं नसतं. म्हणजे हलक्या पानांवरसुद्धा जिंकता येतं, चेहरा तेवढा घट्ट पाहिजे. मी म्हटलं, मग हा पानांचा खेळ नाहीच, भीतीचा आहे. त्यावर पद्मजाबाई माझ्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “तू हुशार आहेस, जरा...” आणि पुढचं राहिलं.

हे खेळायला बसले. गणपतीत जागरणाला खेळतात तेवढंच, एरवी ह्यांना पत्त्यांचा नाद नाही. पण आज पैजेला काड्यापेटीतल्या काड्याच होत्या. आणि हे जिंकत गेले. डाव मागून डाव. ह्यांचा चेहरा मात्र जिंकणाऱ्यासारखा नव्हता. बोट लागली असावी. मलाही मळमळतंय. किनारा दिसतो तो एका बाजूलाच, दुसऱ्या बाजूला नुसतं पाणी, आणि त्या बाजूला बघायचं मी टाळते.

८ फेब्रुवारी, रविवार. सकाळी, बोटीवरच

जे झालं ते लिहून काढल्याशिवाय मला धड बसवत नाही.

मालवण मागे पडलं होतं. चहानंतर पुन्हा टेबल मांडलं. शेठ म्हणाले, काड्यांनी काय खेळायचं, लहान मुलं आहोत का? आणि मनगटावरचं घड्याळ काढून मध्ये ठेवलं. हे म्हणाले, माझ्याकडे ठेवण्यासारखं काही नाही. शेठ म्हणाले, तुझा शब्द ठेव, मला तेवढा पुरे. वकीलसाहेब हसले.

घड्याळ ह्यांनी जिंकलं.

मग शेठनी खिशातून एक चावी काढली. पत्र्याचा बिल्ला लावलेली, त्यावर खोलीचा नंबर ठोकलेला. बोरिवलीला शेठनी नवीन इमारतीत ब्लॉक घेतलाय, पुतण्यासाठी म्हणून. दोन खोल्या. पद्मजाबाईंनी मला कालच सांगितलं होतं त्याबद्दल, स्वयंपाकघराच्या खिडकीतून कान्हेरीचे डोंगर दिसतात, नळ आत, संडास आत. ती चावी शेठनी टेबलावर टाकली, सुपारीचं खांड टाकावं तशी.

मी ह्यांच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिले. ह्यांच्या हातात दोन अठ्ठ्या होत्या, बाकी काही जुळत नव्हतं. एवढ्या पानांवर माणूस उठून जातो. मी ह्यांच्या खांद्याला बोट लावलं. हे हलले नाहीत. वकीलसाहेबांनी पानं टाकली. शेठनी आपली पानं बराच वेळ बघितली, मग सुस्कारा टाकून पालथी घातली. “तुझ्यापुढे इलाज नाही दशरथ. घर तुझं.”

तेवढ्यात वारा आला आणि शेठनी टाकलेली पानं उलटली. तीन राजे होते. मी स्पष्ट बघितले. पद्मजाबाईंनी पटकन त्यावर हात ठेवला.

मला शेठची कीव आली. एवढा कारखाना चालवतात आणि तीन राजे हातात असून घाबरले. पुन्हा वाटलं, सांगावं का त्यांना, की तुम्ही चुकलात? पण मी गप्प राहिले. खोटं कशाला लिहू, मला ती खिडकी दिसत होती. खिडकीत मी तुळस ठेवली होती, आणि प्रेमाचं दप्तर खुंटीला होतं, आणि कुणी कूस बदलली तर कुणाला कळत नव्हतं.

वकीलसाहेबांनी फोटो काढला. टेबल, पानं, घड्याळ, चावी, मागे आम्ही दोघं. म्हणाले, आठवण राहील. आमच्या लग्नानंतरचा हा पहिला फोटो. प्रत देणार का विचारलं तर म्हणाले, नक्की मिळेल तुम्हाला.

एवढं सगळं झालं, आणि हे कठड्याशी जाऊन ओकले. काल लागली नव्हती एवढी बोट आत्ता लागली. वेंगुर्ल्याला बोट थांबली आहे. उतारू पडावात उतरताहेत, खालच्या डेकवरच्या बायका मुलांना त्या होडीत अलगद सोडताहेत. मला ते बघवत नाही. चावी माझ्या पिशवीत आहे आणि दर थोड्या वेळाने मी ती चाचपते. हरवेल अशी भीती वाटते. खरं तर ही भीती हरवण्याची आहे का, तेही मला नीट कळत नाहीये.

९ फेब्रुवारी, सोमवार. परतीच्या बोटीवर

काल पणजीत वकीलसाहेब ह्यांना मांडवीच्या काठाने फिरायला घेऊन गेले. परत आले तेव्हा हे पांढरे पडले होते. मी विचारलं नाही. मला वाटलं, ब्लॉकचे कागद करायचे असतील.

आज सकाळी बोट सुटल्यावर आम्ही दोघंच कठड्याशी होतो. मी सहज म्हटलं, शेठना खेळ येत नाही, तीन राजे टाकले काल. हे माझ्याकडे वळले. म्हणाले, “नलू, शेठला खेळ चांगला येतो.”

मग सगळं सांगितलं. एका दमात नाही, तुटक तुटक, पाण्याकडे बघत.

जाळी अनंताने काढली नव्हती. दिवाळीत मोठी ऑर्डर होती. जाळी असली की दर दाबाला हात मागे घ्यावा लागतो, माल कमी निघतो. शेठ म्हणाले, काढून टाक. हे नको म्हणाले होते. शेठ म्हणाले, तू नाही काढलीस तर काढणारा दुसरा सुपरवायझर मी आणीन. ह्यांनी पाना घेतला आणि बोल्ट सैल केले. आपल्या हाताने. ऑर्डर संपली, पण जाळी कोपऱ्यातच पडून राहिली.

गुरुवारी ह्यांनी सांगायचं की जाळी अनंताने काढली. तसं सांगितलं की बोरिवलीची खोली आमच्या नावावर. आणि खरं सांगितलं तर? वकीलसाहेब मांडवीच्या काठावर म्हणाले होते, पाना तुमच्या हातात होता दशरथ, पहिला दगड तुमच्याच डोक्यात बसेल.

मला आधी खोलीचाच विचार आला. मथुरेचा नाही. हे मी इथे लिहिते, कारण दुसरीकडे कुठे बोलणार?

मग मी म्हटलं, चावी परत करा. हे म्हणाले, घेणार नाहीत. मी म्हटलं, जिंकलेली वस्तू हरता तर येते ना? जशी आली तशी जाईल.

दुपारी टेबल मांडलं तेव्हा मी ह्यांच्या खुर्चीवर बसले. शेठना गंमत वाटली. अरे वा, वहिनी खेळणार. पद्मजाबाईही बसल्या. वकीलसाहेबांनी पानं पिसली, वाटली. मी चावी मध्ये ठेवली, वर घड्याळ ठेवलं. माझी पानं मी उचललीच नाहीत. पालथीच राहू दिली. म्हटलं, एवढं सगळं लावलंय, बघा तुमचं काय ते.

ज्याने पानं बघितलीच नाहीत त्याला घाबरून पानं टाकायचं काही कारण नसतं. शेठनी आपली पानं बघितली, माझ्याकडे बघितलं आणि हसत हसत पानं टाकून दिली. “वहिनींचं नशीब जोरावर आहे.”

मी म्हटलं, पुन्हा वाटा. पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच. समोरचा माणूस हसतोय, गोड बोलतोय, आणि मला हरू देत नाही. बोटीवरून उडी मारायची म्हटली तरी तो हात धरून म्हणेल, वहिनी, सांभाळून. लहानपणी विहिरीत डोकावताना आतून कुणी ओढेल असं वाटायचं, तशी भीती मला एवढ्या उन्हात वाटली.

तिसऱ्या डावाला मी हात पुढे केला आणि शेठनी टाकलेली पानं उलटी केली. पाचही बदाम, ओळीने, ह्या खेळातली सगळ्यात भारी पानं. माझी पानंही मी तेव्हाच पहिल्यांदा बघितली, त्यात एक जोडीसुद्धा नव्हती. वर कनात फडफडत होती.

मी म्हटलं, “शेठ, मला हरायचंय.”

शेठ हसायचे थांबले. पहिल्यांदाच. म्हणाले, “वहिनी, तुम्हाला मुलगी आहे ना? माणसाने हरायची घाई करू नये.”

मी चावी आणि घड्याळ तिथेच टाकून उठले. वळून बघितलं तेव्हा शेठनी दोन्ही वस्तू खिशात घातल्या होत्या आणि वकीलसाहेब त्यांच्या कानाशी काहीतरी बोलत होते. पद्मजाबाई पानं गोळा करत होत्या, एकेक, फार सावकाश.

सुटले असं वाटायला हवं होतं. वाटत नाही. जयगडचा डोंगर दिसतोय, हे म्हणतात. मी केबिनमध्ये आहे, आतून कडी लावून.

१० फेब्रुवारी, मंगळवार. घरी

धक्क्यावर हमालांच्या गर्दीत पद्मजाबाई माझ्याजवळ आल्या. शेठ आणि वकील पुढे होते. त्यांनी माझ्या मुठीत काहीतरी कोंबलं आणि मूठ मिटवली. चावी होती. बिल्ल्यासकट.

मला रडू आलं. मी म्हटलं, बाई, तुम्हीसुद्धा? काल बघितलंत ना मी काय केलं ते.

त्या म्हणाल्या, “परत देऊ नकोस. जवळ असू दे. आणि ह्यांना कळलं तर...” पुढचं नेहमीसारखं राहिलं. गाडीकडे निघून गेल्या.

म्हणजे आता नवऱ्याने नाही तर बायकोने. कुठून कुठून गळ टाकतात ही माणसं. चावी मी तांदळाच्या डब्यात तळाशी घातली आहे. ह्यांना सांगितलं.

सासूबाई विचारताहेत पणजी कशी होती. प्रेमाला शिंपले दिले.

११ फेब्रुवारी, बुधवार

आज प्रेमा शाळेतून आली ती चॉकलेट खात. शेठचा ड्रायव्हर बाळा चाळीच्या तोंडाशी उभा होता, त्याने दिलं. कितवीत आहेस विचारलं, कुठल्या रस्त्याने येतेस विचारलं. तिने सगळं सांगितलं. हसत सांगितलं.

मी चॉकलेट तिच्या हातातून काढून घेतलं. ती रडली. मी तिला जवळ घेतलं ते इतकं घट्ट की ती रडायची थांबली आणि माझ्याकडे बघायला लागली.

ह्यांना म्हटलं, उद्या काय सांगणार? हे म्हणाले, माहीत नाही. मी म्हटलं, तुम्ही जे सांगाल ते. पण माझ्या मनात काय होतं? मनात होतं की खोटं सांगा आणि संपवा. एकदाच. मग मथुरेच्या हातचे बोंबील आठवले. मग प्रेमा. असं दिवसभर.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

कचेरीतली खोली लहान, टेबलामागे साहेब, वयस्कर, जाड चष्म्याचे. एका बाकावर शेठ आणि वकील. दुसऱ्यावर अनंता आणि मथुरा. अनंताने दुखरा हात उपरण्याखाली ठेवला होता. आम्ही आत शिरलो तेव्हा मथुरा उठून उभी राहिली, माहेरचं माणूस आल्यासारखी. हे तिच्याकडे न बघता पुढे गेले.

साहेबांनी विचारलं, जाळी कोणी काढली?

हे सदऱ्याची बाही ओढत राहिले. साहेबांनी पुन्हा विचारलं. मग हे म्हणाले, “मी काढली. शेठनी सांगितलं म्हणून काढली. अनंताने हात लावला नाही.”

शेठ हलले नाहीत. वकीलसाहेब उठले, अगदी सावकाश, आणि मला तेव्हा कळलं की ते ह्यालाही तयार होते. त्यांनी पाकिटातून फोटो काढला. बोटीवरचा. टेबल, पानं, चावी, मागे आम्ही दोघं, आणि मी हसतेय.

ते म्हणाले, साहेब, हा साक्षीदार जुगारी आहे. मालकाने विश्वासाने सहलीला नेलं, तर ह्याने मालकाशी जुगार खेळून घर मागितलं. पत्त्यांच्या गमतीत मालकाने चावी टेबलावर ठेवली होती, ती ह्याने खरी धरली. परत येताना घर द्या म्हणून हटून बसला. मालकाने नकार दिला, चावी परत खिशात घातली. आज त्याचा सूड म्हणून खोटी साक्ष देतोय.

म्हणजे खोटं बोललो असतो तर तो डाव बक्षिसाचा होता आणि खरं बोललो तर गळफासाचा. एकाच डावाची दोन्ही तोंडं त्यांनी बांधून ठेवली होती. साहेबांनी फोटो चष्म्याजवळ धरला, मग ह्यांच्याकडे चोराकडे बघावं तसं बघितलं. मथुरा फोटोकडे बघत होती. मग तिने माझ्याकडे बघितलं. ते मी विसरणार नाही.

मी उठले. मला कोणी बोलावलं नव्हतं. सकाळी निघताना चावी डब्यातून काढून पिशवीत घातली होती, ती कुठेतरी सरकारी माणसाच्या हवाली करून मोकळं व्हावं एवढंच डोक्यात होतं. मी ती साहेबांच्या टेबलावर ठेवली. टेबलाला धरून उभी राहिले.

म्हटलं, “साहेब, वकील म्हणतात शेठनी नकार दिला, चावी परत घेतली. मग ही आमच्या घरी कशी?”

साहेबांनी बिल्ला उलटसुलट करून बघितला. नंबर वाचला. शेठना विचारलं, ही तुमचीच का? शेठचा हात आपोआप कोटाच्या खिशाकडे गेला. खिसा चाचपला. वकीलसाहेबांनी शेठकडे बघितलं आणि त्या दोघांनाही जे माहीत नव्हतं ते त्यांच्या चेहऱ्यावर एकदम आलं. शेठ पुटपुटले, “घरातून...” आणि वाक्य अर्ध्यात सोडलं.

मग मी सगळं सांगितलं. तीन राजे. न बघितलेली पानं. पाच बदाम. मला हरायचं होतं आणि शेठनी मला हरू दिलं नाही. साहेब मध्ये बोलले नाहीत. शेवटी वकिलांना म्हणाले, पाच बदाम ओळीने आलेला माणूस पानं टाकतो, असं मी तरी बघितलेलं नाही. आणि लिहायला लागले.

बाहेर आल्यावर शेठ आमच्या जवळून गेले. आमच्याकडे बघितलंसुद्धा नाही. ड्रायव्हरला म्हणाले, घरी घे, लवकर. तो स्वर ऐकून मला पद्मजाबाई आठवल्या. त्या आता घरी असतील. एकट्या.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

ह्यांना कामावरून काढलं. ते ठरलेलंच होतं. प्रेमाला शाळेत मी नेते, मीच आणते. बाळा दिसला नाही, पण मी प्रत्येक गाडीकडे बघते.

पद्मजाबाईंच्या घरी जाऊन बघावं असं रोज वाटतं आणि रोज धीर होत नाही. आज शेवटी गेले. गड्याने फाटकातूनच सांगितलं, बाईसाहेब माहेरी गेल्या. कधी येणार? माहीत नाही. आपणहून गेल्या का पाठवल्या, हे गड्याला कसं विचारणार? वरच्या खिडक्या सगळ्या बंद होत्या.

सासरे मला म्हणाले, पोरी, चावी ठेवली असतीस तर. ते वाईट माणूस नाहीत. त्यांनी उभा जन्म ह्या एका खोलीत काढला आहे.

१ मार्च, रविवार

निकाल लागला. अनंताला भरपाई मिळणार. निकालात ह्यांचंही नाव आहे, की सुपरवायझर म्हणून ह्यांनी जाळी काढली आणि पुन्हा बसवली नाही. त्यावरून पुढे काही होईल का, कुणाला ठाऊक नाही. दारावर कोणी खाकी कपड्यातला दिसला की माझ्या हातातलं काम थांबतं. परवा तो पोस्टमन निघाला.

आज संध्याकाळी अनंता आणि मथुरा आले. खोलीत एवढी माणसं, बसायला जागा नाही, मी ट्रंकेवर चादर घालून दिली. मथुरेने मासळी आणली होती, ती सासूबाईंना दिली. माझ्याशी फार बोलली नाही. फोटोतलं माझं हसू तिला अजून दिसत असणार, मलाही दिसतं.

ह्यांची मान खाली. कचेरीत, रस्त्यावर, कुठेच ह्यांनी अनंताकडे सरळ बघितलं नव्हतं. इस्पितळातसुद्धा दाराशी उभे राहायचे.

शेवटी अनंताच बोलला. “तू जाली काढलीस तवा मी बाजूलाच व्हतो, दशरथभाव. नको काढू असा मी बी नाय बोललो. जास्ती मालाचे जास्ती पैसे मना बी पायजे व्हते.”

मी चहा दिला. अनंताने कप डाव्या हाताने उचलला, अर्धा चहा बशीत ओतला आणि कप खाली ठेवला. मग उपरणं बाजूला करून उजवं मनगट काढलं, पुढे काही नसलेलं, टाक्यांचे व्रण अजून लाल असलेलं, आणि त्याने खालून बशीला टेका दिला. बशी हलत होती. थोडा चहा सांडला. मथुरा मदतीला वाकली नाही.

हे बघत होते. मला वाटलं, आता नजर वळवतील. त्यांनी वळवली नाही. अनंताने बशी संपवून खाली ठेवेपर्यंत हे त्या मनगटाकडे बघत राहिले, आणि मग सावकाश हात पुढे करून त्यांनी कपात उरलेला चहा त्याच्या बशीत ओतून दिला.